संगणक जागा होत नाही तेव्हा…



समजा, तुमच्या शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक आहे. जूनपासून रोज सकाळी साडेआठ वाजता तुमच्या वर्गातील दोघे जण त्यातील पाणी मोजतात आणि आकडा शाळेच्या संगणकात नोंदवतात. सप्टेंबर संपत आला आहे. चार महिन्यांच्या नोंदी, आलेख, छायाचित्रे, सारे त्या एकाच संगणकात आहे. उद्या विज्ञान प्रदर्शन! आणि आज सकाळी बटण दाबल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, पण नेहमीचे चित्र काही येत नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ उमटते. तिचा अर्थ असा की, ‘ज्यावरून सुरू व्हायचे, ती चकती सापडत नाही.’

वर्गातील एक उत्साही मित्र म्हणतो, “त्यात काय! सगळे पुसून नव्याने भरू या. तासाभरात संगणक सुरू होईल.”

त्याचे म्हणणे खरे आहे. संगणक सुरू होईल. पण पावसाचे आकडे? ते मात्र कदाचित कायमचे जातील, कारण गेल्या जुलैचा पाऊस पुन्हा मोजता येत नाही. म्हणून बटणाकडे गेलेला हात क्षणभर थांबवा आणि आधी हे समजून घ्या, की संगणक जागा न होणे ही एक गोष्ट आहे आणि त्यातील माहिती नष्ट होणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. ग्रंथालयाच्या दाराचे कुलूप बिघडले, म्हणून आतली पुस्तके जळाली असे कोणी म्हणेल का?

जागे होण्याच्या पायऱ्या

बटण दाबल्यावर संगणक कसा जागा होतो ते पाहू. संगणकाची कामचलाऊ स्मृती वीज जाताच कोरी होते. त्यामुळे बटण दाबताना त्याला काहीच आठवत नसते. मात्र त्याच्या मुख्य पाटीवर एक छोटी चिप असते. तिच्यातील सूचना वीज गेली तरी टिकतात. ही चिप प्रथम स्मृती, कळफलक, चकती जागेवर आहेत ना, याची हजेरी घेते. मग ती चकतीकडे जाऊन तिचा अगदी पहिला तुकडा वाचते. या तुकड्याला ‘सेक्टर’ म्हणतात.

या पहिल्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. (एक बाइट म्हणजे साधारणपणे इंग्रजीतील एका अक्षराला लागणारी जागा.) वर्षानुवर्षे चालत आलेल्या जुन्या पद्धतीत या ५१२ बाइटांची वाटणी मोठी नेटकी आहे. पहिल्या ४४६ बाइटांत एक चिमुकला प्रोग्रॅम, पुढच्या ६४ बाइटांत चकतीचे कोणते भाग कोठून सुरू होतात याचा तक्ता आणि शेवटच्या २ बाइटांत एक खूण. ती खूण म्हणजे ८५ आणि १७० हे दोन आकडे. द्विमान पद्धतीत लिहून पाहा. ०१०१०१०१ आणि १०१०१०१० असे ते येतात. शून्य आणि एक आळीपाळीने! ही खूण दिसली नाही, तर चिप म्हणते, ‘ही चकती सुरू होण्याजोगी नाही.’

खूण दिसली की तो चिमुकला प्रोग्रॅम थोडा मोठा प्रोग्रॅम बोलावतो, तो त्याहून मोठ्याला बोलावतो आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी यंत्रणा, उभी राहते. या क्रियेला ‘बूट होणे’ म्हणतात. हा शब्द ‘बूटस्ट्रॅप’वरून आला. बूट चढवताना ओढण्यासाठी त्याला जो पट्टा असतो तो बूटस्ट्रॅप. स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलावे, तसा संगणक स्वतःच स्वतःला उभा करतो, ही त्यामागील कल्पना.

आता तुमच्या लक्षात आले असेल. या साखळीतील एक कडी तुटली तरी संगणक उठत नाही. ५१२ बाइटांतील अवघे दोन बिघडले, तरी अब्जावधी बाइटांची माहिती असलेली चकती ‘सापडत नाही’! माहिती मात्र जागच्या जागी सुरक्षित असते.

चकतीच्या पोटात

पहिली व्यापारी हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएम कंपनीने बनवली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलमधील एका चांगल्या छायाचित्रालाही तितकी जागा लागते. आजची हार्ड डिस्क तळहातावर मावते, पण तत्त्व तेच आहे. धातूच्या किंवा काचेच्या गुळगुळीत चकतीवर चुंबकीय पदार्थाचा अत्यंत पातळ थर असतो. त्यातील सूक्ष्म ठिपक्यांच्या चुंबकनाच्या दिशा म्हणजेच शून्ये आणि एक.

चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. टेबलावरील संगणकात बसणाऱ्या चकतीचा व्यास साधारण ९५ मिलिमीटर असतो. गणित करून पाहा. तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे १२९ किलोमीटर येतो! आणि या धावत्या पृष्ठभागावर, केवळ काही नॅनोमीटर उंचीवर, वाचणारे टोक तरंगत असते. माणसाचा केस सुमारे ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे या टोकाच्या दृष्टीने धुळीचा साधा कण हा डोंगरच. हार्ड डिस्क घरी उघडून पाहू नये, ते याच कारणाने.

पुस्तके आणि नोंदवही

चकतीवर फाईल नेमकी कोठे ठेवली आहे, हे संगणकाला कसे कळते? शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही आठवा. ‘अमुक पुस्तक, तिसरे कपाट, दुसरा कप्पा.’ चकतीवरही अशी नोंदवही असते. फाईलचे नाव, तारीख, आकारमान आणि ती कोणकोणत्या तुकड्यांत ठेवली आहे, हे तिच्यात लिहिलेले असते.

गंमत अशी, की तुम्ही फाईल पुसता तेव्हा संगणक बहुधा पुस्तकाला हात लावत नाही, तो फक्त नोंदवहीत खाडाखोड करतो. कॅमेऱ्याच्या कार्डावर आणि पेन ड्राइव्हवर बहुधा ‘फॅट’ नावाची किंवा तिच्याच कुळातील नोंदपद्धत असते. मूळ फॅट पद्धतीत पुसलेल्या फाईलच्या नावाचे पहिले अक्षर काढून तेथे २२९ हा आकडा घालतात आणि तिची जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदवतात. मजकूर तसाच पडून राहतो. दुसरी एखादी फाईल त्या जागेवर लिहिली गेली, की मगच तो खऱ्या अर्थाने जातो.

यावरून माहिती वाचवण्याचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. ज्या चकतीवरील माहिती हवी आहे, तिच्यावर एक अक्षरही लिहू नका. तुमचा उत्साही मित्र नेमके हेच विसरला होता. नवी ऑपरेटिंग सिस्टिम भरणे म्हणजे चकतीवर कित्येक अब्ज बाइट लिहिणे. ते पावसाच्या नोंदींवर पडले, तर जगातील कोणतीही प्रयोगशाळा त्या परत आणू शकणार नाही. ‘अति घाई संकटात नेई’ ही रस्त्याकडेची पाटी येथेही लागू पडते.

रोग ओळखा, मग औषध

चकती निकामी वाटते तेव्हा तीन शक्यता असतात.

पहिली शक्यता : चकती ठणठणीत, पण ऑपरेटिंग सिस्टिम बिघडलेली. ही सर्वांत सोपी. अशा वेळी संगणक दुसऱ्याच कोणाकडून जागा करायचा. पेन ड्राइव्हवर एक पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम घालून ठेवता येते आणि तिच्यावरून संगणक सुरू करता येतो. तेव्हा आतली चकती झोपलेलीच राहते. क्लाउस नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली ‘नॉपिक्स’ ही अशी यंत्रणा सर्वांना दिली. ती सीडीवरून चाले. आज लिनक्सच्या अनेक प्रकारांत ही सोय फुकट मिळते. संगणक असा सुरू झाला, की आतली चकती ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडायची आणि हव्या त्या फाईली दुसऱ्या, बाहेरून जोडलेल्या चकतीवर उतरवून घ्यायच्या. किंवा बिघडलेल्या संगणकातील चकती काढून ती जोडतारेने चांगल्या संगणकाला जोडायची. दोन्हींचा अर्थ एकच. पुढचे दार उघडत नसेल, तर मागच्या दाराने जाऊन पुस्तके बाहेर काढायची.

दुसरी शक्यता : चकती फिरते आहे, पण नोंदवही फाटली आहे. येथे या पद्धती रचणाऱ्यांची दूरदृष्टी कामी येते. फॅटमध्ये मुख्य तक्त्याच्या सहसा दोन प्रती ठेवतात. आजच्या नव्या पद्धतीत चकतीच्या भागांचा तक्ता सुरुवातीला असतो आणि त्याची एक प्रत चकतीच्या अगदी शेवटी असते. एक गेली तर दुसरीवरून काम भागते.

आणि दोन्ही गेल्या तर? तर नोंदवहीचा नाद सोडून सरळ कपाटे चाळायची! प्रत्येक जातीच्या फाईलला आपली अशी सुरुवात असते. ‘जेपेग’ छायाचित्र नेहमी २५५, २१६, २५५ या तीन बाइटांनी सुरू होते आणि २५५, २१७ वर संपते. वाचवणारा प्रोग्रॅम चकतीचा एकेक सेक्टर वाचत जातो. अशी सुरुवात दिसली, की तेथून शेवटापर्यंतचा मजकूर उचलून दुसऱ्या चकतीवर ठेवतो. ‘फोटोरेक’ हा या कामाचा प्रसिद्ध प्रोग्रॅम. तो सर्वांना फुकट मिळतो. या पद्धतीच्या दोन उणिवा ध्यानात ठेवा. फाईलचे नाव नोंदवहीत होते, त्यामुळे ते मिळत नाही. शिवाय फाईल चकतीवर विखरून ठेवलेली असेल, तर तिचे तुकडे जुळवणे फार अवघड जाते.

तिसरी शक्यता : चकतीच आजारी आहे. आतून ‘टिक् टिक्’ असा आवाज येतो, किंवा वाचता वाचता ती अडकते. टिकटिक होत असेल, तर वाचणाऱ्या टोकाला आपला मार्ग सापडत नाही, असे समजावे आणि वीज ताबडतोब बंद करावी. दरवेळी सुरू करून पाहण्याने जखम वाढते. चकती बर्फाच्या कप्प्यात ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. बाहेर काढताच तिच्यावर दव जमते, म्हणजे ‘आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास’. अशी चकती धूळविरहित खोलीत काम करणाऱ्या जाणकारांकडेच द्यावी.

आवाज नाही, पण काही सेक्टर वाचले जात नाहीत, अशी स्थिती असेल, तर आधी संपूर्ण चकतीची हुबेहूब नक्कल दुसऱ्या चकतीवर घ्यावी. ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्रॅम हे काम मोठ्या शहाणपणाने करतो. अवघड प्रश्न सोडून आधी सोपे सोडवणाऱ्या विद्यार्थ्यासारखा तो प्रथम सहज वाचता येणारा सारा भाग उतरवून घेतो, अडलेल्या जागा टिपून ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. चकती मध्येच मेली, तरी बहुतेक माहिती हाती आलेली असते. पुढचे सारे प्रयोग मग नकलेवर करायचे.

याला वेळ किती लागेल? चकती १ टेराबाइटची, म्हणजे १० लाख मेगाबाइटची आहे आणि सेकंदाला १०० मेगाबाइट वाचले जातात असे धरा. १०,००० सेकंद लागतील, म्हणजे सुमारे पावणेतीन तास. आजारी चकतीला कित्येक दिवसही लागू शकतात.

आकाशातून पडलेली चकती

माहिती किती चिवट असते, याचे एक उदाहरण सांगतो. ते ऐकताना मन हेलावल्याशिवाय राहत नाही.

१ फेब्रुवारी २००३. सोळा दिवसांची मोहीम आटोपून कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीकडे परतत होते. अमेरिकेतील टेक्सास राज्यावर, सुमारे ६० किलोमीटर उंचीवर, ते फुटले. यानातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आपल्या कर्नालची कल्पना चावला त्यांच्यातच होती.

या यानात झेनॉन वायूवरील एक प्रयोग होता. सुमारे १६.६ अंश सेल्सिअसला, ठरावीक दाबाखाली, झेनॉन अशा अवस्थेला पोहोचतो की तो द्रव आहे की वायू, हा भेदच उरत नाही. घट्ट रंग ब्रशाने ढवळला की पातळ होतो, तसा या अवस्थेतील झेनॉन ढवळल्यावर पातळ होतो का, हे पाहायचे होते. पृथ्वीवर झेनॉनच्या स्वतःच्याच वजनाने त्याचा खालचा थर दाबला जातो आणि मोजमाप बिघडते, म्हणून प्रयोग अंतराळात केला होता. काही आकडे उड्डाणाच्या वेळी पृथ्वीवर पाठवले गेले होते, बाकीचे यानातील एका हार्ड डिस्कवर होते.

काही महिन्यांनी ढिगाऱ्यात ती चकती सापडली. बाहेरून ती जळून वितळलेला गोळाच झाली होती. धूळ आत येऊ नये म्हणून असलेले वेष्टनही वितळले होते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील एका प्रयोगशाळेकडे ती सोपवण्यात आली. तेथील तज्ज्ञांनी आतल्या चकत्या काढल्या, रसायनाने स्वच्छ केल्या आणि नव्याने बांधलेल्या यंत्रात बसवल्या. चकत्यांवर ओरखडे आणि खड्डे होते, पण त्या वाकल्या नव्हत्या. सुमारे ३४० मेगाबाइटची ती डिस्क अर्धीच भरलेली होती आणि इजा झाली होती ती कोऱ्या भागाला. शिवाय प्रयोगाच्या संगणकात ‘डॉस’ ही जुनी यंत्रणा होती. ती माहिती इकडेतिकडे न विखुरता सलग लिहीत गेली होती. सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळाली!

२००८ साली या प्रयोगाचा निबंध भौतिकशास्त्राच्या एका नामवंत नियतकालिकात प्रसिद्ध झाला. झेनॉन खरोखरच ढवळल्यावर पातळ होत होता. ज्यांनी तो प्रयोग अंतराळात सांभाळला, ते परतले नाहीत, पण त्यांचे काम परतले.

प्रत्येक वेळी दैव साथ देत नाही

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. अलीकडच्या बहुतेक संगणकांत फिरती चकती नसते, ‘एसएसडी’ असते. तिच्यात फ्लॅश स्मृतीच्या चिप असतात. जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात या स्मृतीचा शोध लावला. एसएसडी आपटल्याने सहसा बिघडत नाही, पण तिच्यात पुसलेली फाईल परत मिळणे अवघड असते. फाईल पुसली की संगणक तिला तसे कळवतो आणि ती मोकळ्या वेळात ती जागा खरोखरच साफ करून टाकते. शिवाय ती बिघडताना टिकटिक करून इशारा देत नाही.

दुसरी गोष्ट कुलपाची. पुष्कळ संगणकांतील माहिती आता सांकेतिक रूपात ठेवलेली असते. विंडोजमधील ‘बिटलॉकर’ची सुटकेची किल्ली ४८ अंकांची असते. चकती दुसऱ्या संगणकाला जोडली, की ही किल्ली मागितली जाते. ती नसेल, तर चकती ठणठणीत असूनही फाईली वाचता येत नाहीत. म्हणून शाळेच्या आणि घरच्या संगणकाची किल्ली आजच कागदावर लिहून ठेवा.

करून पाहा

एखाद्या छायाचित्राची, पीडीएफ फाईलची आणि वर्डमध्ये लिहिलेल्या निबंधाची प्रत्येकी एक प्रत करा. मूळ फाईलींना हात लावू नका. आता ‘नोटपॅड’ उघडून त्यात या प्रती एकेक करून उघडा. पडद्यावर अगम्य चिन्हांचा कचरा दिसेल, पण सुरुवात नीट पाहा. पीडीएफच्या पहिल्या ओळीत टक्क्याचे चिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही इंग्रजी अक्षरे दिसतील. आजच्या वर्डच्या फाईलची सुरुवात ‘पी’ आणि ‘के’ या इंग्रजी अक्षरांनी होते. ती फाईल म्हणजे खरे तर एक ‘झिप’ गाठोडे असते आणि ही पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरे आहेत. आता प्रतीचे नाव बदलून तिच्यामागचे जातीचे शेपूट काढून टाका आणि पुन्हा पाहा. सुरुवात तीच! नाव बदलले तरी जात आतूनच ओळखता येते. नोंदवहीशिवाय फाईल शोधणारे प्रोग्रॅम याच खुणेवर चालतात. नोटपॅड बंद करताना ‘सेव्ह’ मात्र करू नका.

तहान लागण्यापूर्वी विहीर

शेवटी पुन्हा शाळेत येऊ. तुमच्या बाईंनी उत्साही मित्राला थांबवले, पेन ड्राइव्हवरून संगणक जागा केला आणि पावसाच्या नोंदी दुसऱ्या चकतीवर उतरवून घेतल्या, असे समजू. त्यानंतरच त्यांनी नवी ऑपरेटिंग सिस्टिम भरायला परवानगी दिली. क्रम महत्त्वाचा : आधी माहिती, मग संगणक.

पण याहून चांगला उपाय म्हणजे ही वेळच न येऊ देणे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. जाणकार ३-२-१ असा सोपा नियम सांगतात. महत्त्वाच्या माहितीच्या ३ प्रती ठेवा, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि १ प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. प्रत केल्यावर ती उघडते ना, हेही अधूनमधून पाहा. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हेच.

आणि हो, पर्जन्यमापकाशेजारी दोरीने बांधलेली ती कागदी वही टाकून देऊ नका. रोजचा आकडा आधी तिच्यात पेन्सिलीने लिहा, मग संगणकात. तीही एक प्रतच आहे, आणि तिला बूट व्हावे लागत नाही!

विचार करा

१. २ टेराबाइटची चकती सेकंदाला ८० मेगाबाइट या वेगाने वाचली, तर पूर्ण नक्कल करायला किती वेळ लागेल?

२. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या चकतीला एका फेऱ्यास किती सेकंद लागतात?

३. तुमच्या शाळेत एकच प्रत असलेली, आणि गेली तर पुन्हा मिळणार नाही अशी कोणती माहिती आहे? यादी करा आणि शिक्षकांना दाखवा.